बद्द वाजणारा टोप

अमरावतीच्या राजापेठेतल्या आमच्या गल्लीतली कोणतीही बाई आत्याबाईंना सोबत घेतल्याशिवाय मडकं घ्यायला जात नसे. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, केशरबाई. कुंभाराच्या मांडलेल्या रांगेसमोर त्या उकिडव्या बसत, एकेक माठ डाव्या हातावर तोलत, उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर त्यावर मारत आणि मान तिरकी करून ऐकत. खणखणीत वाजला तर बाजूला. बद्द वाजला तर परत.

"फुटेल हाय," एवढंच म्हणत.

"मावशी, कुठी फुटला ते दाखवा तरी!" एकदा एक नवा कुंभार भांडायला उठला.

"मले नाई दिसत. तू पानी भर, मंग तुले दिसीन."

त्यानं हट्टानं पाणी भरलं. अर्ध्या तासानं माठाच्या पोटाला घाम यावा तशी एक रेघ ओली झाली. त्या दिवसापासून आत्याबाईंच्या बोटाशी कोणी वाद घातला नाही. मीही नाही.

हे आधी सांगते आहे, कारण पुढं त्याच बोटाखाली बारा माणसांची डोकी येणार होती.

हे हिवताप खात्यात निरीक्षक होते. 'हे' म्हणजे देवमन. नाव कागदावर लिहिलं, तोंडानं अजून घेतलेलं नाही. चौसष्ट सालची गोष्ट. खात्यानं यांना फटफटी दिली होती. गावोगाव जायचं, घरांच्या भिंतींवर औषध नीट फवारलं की नाही ते बघायचं, तापाच्या माणसाच्या बोटातला रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि आठवड्यातून एकदा त्या काचपट्ट्या अकोल्याच्या मोठ्या कचेरीत पोचवायच्या. अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला. सकाळी फटफटी गल्लीतून निघाली की आमची विशाखा, तेव्हा दहा महिन्यांची, दोन्ही हात हलवून "फफफ" करायची. संध्याकाळी मोठ्या रस्त्यावरून आवाज आला की माझ्याआधी तीच दाराकडे रांगत निघायची. मी आपली शांतपणे कणीक मळत राहायची. पण खरं सांगते, तो आवाज येईपर्यंत माझी कणीक घट्टच व्हायची. पाणी किती घातलं याकडे लक्षच नसायचं.

त्या पौषापर्यंत तेवढंही भय वाटत नव्हतं. पौषात ओमप्रकाश पडले.

ओमप्रकाश यांच्याच कचेरीतले, यांच्यासारखेच फटफटीवाले. घरी हिंदी बोलणारे, बाहेर आमच्याहून ठसक्यात वऱ्हाडी बोलणारे. मला भाभी म्हणत, आत्याबाईंना मावशी. कापसाचे दिवस होते. जिनिंगच्या फाटकापासून बडनेऱ्याच्या पुढंपर्यंत बैलबंड्यांची रांग लागलेली, आणि दिवेलागणीला एका बंडीची मागं निघालेली उभारी, कडेचा जाड दांडा, त्यांना दिसली नाही. डोक्यावर लोखंडी टोप होता. त्यांचे काका मिलिटरीतून घेऊन आलेले, त्यांनी तो पुतण्याला दिला होता. तीन आठवडे दवाखान्यात राहून ओमप्रकाश घरी आले. हातपाय धड, चेहऱ्यावर तेच हसू. फक्त नावं विसरायला लागले. देवमनला धर्मपाल म्हणत, कचेरीतल्याच धर्मपालभाऊंना साहेब म्हणत. खात्यानं त्यांना टेबलाच्या कामावर बसवलं.

आणि तो टोप? त्याच्यावर ओरखडा नव्हता. कचेरीत टेबलावर ठेवून सगळ्यांनी बघितला. "टोपानं वाचवला गड्याले," सगळे म्हणाले. ते खरंही होतं.

मग माघात अकोल्याहून कागद आला. दोन्ही जिल्ह्यांतल्या बारा मोटारसायकलस्वारांना खातं शिरस्त्राणं देणार, तीन नमुने पाठवत आहोत, श्री. देवमन यांनी प्रत्येक नमुना दहा दिवस वापरावा आणि कवच कोणत्या साहित्याचे असावे याचा तुलनात्मक अहवाल द्यावा. अहवालानुसार मागणी नोंदवली जाईल.

"शिरस्त्राण म्हंजे काय वो?" आत्याबाईंनी विचारलं.

"टोप."

"मंग टोप म्हना ना. एवढा मोठा शब्द डोक्स्यावर घेतला तं मान मोडीन."

तीन टोप एका पोत्यातून आले. यांनी ते पडवीतल्या फळीवर ओळीनं मांडले. पहिला ओमप्रकाशांचाच लोखंडी, खात्यानं नमुना म्हणून मागून घेतलेला. आत कातड्याच्या पट्ट्या. दुसरा मुंबईहून आलेला, पांढराशुभ्र, वजनाला हलका, आत स्पंजाचा पातळ थर. त्याला फायबरग्लास म्हणत. काचेचे तंतू चिकात घोळवून केलेला, असं कागदावर होतं. तिसरा अकोल्याच्या कोठीत सापडलेला, कुण्या गोऱ्या साहेबाचा राहून गेलेला. कापडाचे थर लाखेनं एकावर एक चिकटवून त्याचं कवच केलं होतं आणि आत बोटभर जाडीचं बूच लावलं होतं. रंग उडालेला. जुन्या पेटीसारखा वास.

"काचाचा टोप!" आत्याबाई दुसऱ्याकडे बघून म्हणाल्या. "बाप्पा! डोक्स्यावर काच घेऊन फिरशीन?"

"काच नोय मा, काचाचे धागे."

"धाग्याचा टोप. अन् हा तिसरा चिंध्याइचा. खातं तुमचं मस्करी करून राह्यलं काय?"

हे हसले. मग फळीवरून तिन्ही टोप उतरवून आईपुढं ठेवले. "तूच पाह्य वाजवून. तुह्या बोटाले समजते."

मस्करीत म्हणाले असतील; पण आत्याबाईंनी ते मस्करीत घेतलं नाही. हात धुऊन, पदर खोचून उकिडव्या बसल्या. लोखंडी टोप डाव्या हातावर धरला आणि बोट मारलं. टण्ण! तो नाद पडवीभर फिरला, विशाखा दचकून हसायला लागली. दुसरा टक्क वाजला, वाळलेल्या भोपळ्याच्या तुंबड्यासारखा. तिसऱ्यावर त्यांनी दोनदा बोट मारलं, तिसऱ्यांदा मारलं, मग नाक मुरडलं.

"बद्द. फुटेल हाय हा. कुंभारानं हा दुकानात बी नसता मांडला."

"फुटलेला नाही मा. कापडाचाच असा आवाज."

"ज्याचा आवाज बद्द, त्याचं काय खरं? ल्ह्य. लोखंडी पयला, तुंबडा दुसरा, चिंध्याचा फेकून दे."

आणि यांनी खरंच तसं लिहायचं ठरवलं. कुणीही ठरवलं असतं. ओरखडा न उमटलेला टोप समोर होता, त्यात वाचलेला माणूस समोरच्या गल्लीत राहत होता, आणि आत्याबाईंचं बोट कधी चुकलं नव्हतं.

माझं अक्षर चांगलं, म्हणून यांचे सगळे अहवाल पक्के लिहायचं काम माझ्याकडे असे. विशाखा दुपारी झोपली की मी दौत घेऊन पडवीत बसायची. ती जेमतेम पाऊण तास झोपे, त्यातला पाव तास मी तिच्याकडे बघण्यात घालवायची. झोपेत तिचे ओठ दूध प्यायल्यासारखे हलत. तेवढं बघून झालं की मग कागद.

महिनाभर हे आळीपाळीनं टोप घालून हिंडले. लोखंडी टोपाचे दहा दिवस फाल्गुनाच्या उन्हात आले. दुपारी घरी आले की टोप काढून म्हणत, "याच्यावर भाकर टाक, भाजून निघीन." मान दुखे. मी रात्री राईचं तेल चोळून देई. पण तक्रार अशी नाही. "जड आहे, पण जिवाले भरोसा आहे," म्हणत. फायबरचा हलका, पण त्यांना तो घातल्यासारखाच वाटेना. कापडाचा त्यांनी दोन दिवस घातला आणि ठेवून दिला. "पोरं हसतात वो. गावात शिरलो की म्हनतात, कलेक्टर आला!"

अहवाल सोमवारी सकाळी द्यायचा होता. हे शनिवारी पहाटे काचपट्ट्या घेऊन अकोल्याला गेले, रविवारी संध्याकाळी येणार. कच्चा मसुदा मला देऊन गेले. 'लोखंडी कवच सर्वांत मजबूत आढळले. अपघातानंतरही त्यास इजा झाली नाही,' असं पहिलंच वाक्य.

रविवारी दुपारी विशाखाला झोपवून मी ते वाक्य पक्क्या कागदावर उतरवत होते. इकडे फळीवर काबरीचं बस्तान होतं. काबरी म्हणजे आत्याबाईंची ठिपक्याठिपक्यांची कोंबडी. यांनी कापडाचा टोप उताणा करून फळीवर टाकला तेव्हापासून तिनं तो आपला केला होता. आत्याबाईंनी त्यात थोडं तणस, वाळका पेंढा, घातलं. "घाल माय अंडे. कोनाच्या तरी कामी येऊ दे." सहा अंडी झाली होती आणि काबरी खुडूक बसली होती. त्या वेळी ती दाणे टिपायला खाली उतरली होती.

विशाखा कधी उठली मला कळलं नाही. नुकतीच धरून उभी राहायला लागली होती. फळीवरून टोपाचा सुटलेला पट्टा हातभर खाली लोंबत होता. माझं लेखणीतलं अक्षर अर्धं असताना मागून धप्प आवाज आला.

मी कशी उठले ते मला आठवत नाही. दौत सांडली, ती नंतर दिसली. विशाखा फरशीवर बसली होती, पट्टा मुठीत, डोळे मोठे. मी तिचं डोकं, कपाळ, हात, पाय चाचपले. तिला काही लागलं नव्हतं. टोप तिच्या वीतभर बाजूला पडला होता. माझा चेहरा बघून मात्र तिनं भोकाड पसरलं.

आत्याबाई धावत आल्या. "काय झालं? लागलं काय पोरीले?"

"नाही, आत्याबाई. टोप पडला."

"अन् माहे अंडे?"

टोप सरळ खाली, माथ्यावर आपटला होता. उचलला तर कवचाला बोटभर लांब चीर गेलेली. बाहेरचा थर सुटून आलेला. आत्याबाईंनी तणस बाजूला केलं आणि एकेक अंडं काढून पदरात घेतलं. एक. दोन. तीन. चार. पाच. सहाव्याला केसाएवढा तडा. बाकी सगळी धड.

त्या पदरातल्या अंड्यांकडे बघत बसल्या. मग वर फळीकडे बघितलं. फळी माझ्या खांद्याएवढी उंच. खाली शहाबादी फरशी.

"अवो, हे कसं काय?"

मी विशाखाला कडेवर घेऊन त्या चिरेवर बोट फिरवत होते. टोप फुटला होता आणि अंडी फुटली नव्हती. आणि खाली, दौतीच्या डागाशेजारी, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: त्यास इजा झाली नाही. कोणास? टोपास. आणि ओमप्रकाश आमच्या यांना धर्मपाल म्हणत होते.

"आत्याबाई," मी म्हटलं, "लोखंडी टोपात अंडी ठेवून पाडून बघायची?"

"पागल झाली काय? काबरीचे अंडे?"

"हिची नको. टोपलीतली, खायची."

"खायाची अंडी अशी फोडाची?"

"खाली परात ठेवू. फुटली तर भुर्जी."

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या अशा बघतात तेव्हा पुढं काय येईल सांगता येत नाही. मग उठल्या, काबरीची अंडी सुपात ठेवली, टोपलीतून तीन अंडी आणली, लोखंडी टोपात तेच तणस तितकंच घातलं, अंडी त्यात पुरली. "मी पाडतो. तू पोरीले धर."

टण्ण! आवाज गल्लीपर्यंत गेला असेल. टोप परातीत नाचला. त्याच्यावर ओरखडा नव्हता. आत पिवळं आणि पांढरं एक झालेलं. तीनही.

आत्याबाईंनी ते वाडग्यात ओतलं. आणखी तीन अंडी आणली, फायबरच्या टोपात ठेवली, पाडली. टोपाच्या माथ्यावर नखाएवढी पांढरी चांदणी उमटली. एक अंडं फुटलं, दोन वाचली.

मग आम्ही तिन्ही टोप समोर ठेवून बसलो. भुर्जीचं वाडगं बाजूला. विशाखा आत्याबाईंच्या मांडीवर. आत्याबाईंनी पुन्हा एकेकावर बोट मारलं. लोखंडी वाजला तेव्हा त्यांनी दुसऱ्या हाताचा तळवा आतून लावला, आणि तसाच ठेवला. पुन्हा मारलं. माझाही हात ओढून आत लावला.

"लागते?"

लागत होतं. बाहेर बोट मारलं की आत तळव्याला झिणझिणी येत होती. कापडाच्या टोपात हात घातला तर काहीच नाही. बोट बाहेरच संपून जात होतं.

"मडक्यात पानी राह्यते, इंदू," त्या हळू म्हणाल्या. "पान्याले काय, धक्का लागला तरी पानीच. म्हनून मडकं नाई फुटलं पाह्यजे. इथं आतमधी डोक्सं हाय." मग म्हणाल्या, "जे वाजते ते आतबी वाजते. मी उलटं आयकलं."

मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं, पण आमच्यात तशी रीत नव्हती. मी भुर्जीत कांदा चिरून टाकला.

हे संध्याकाळी आले ते खुशीत. "साहेबाले तोंडी सांगून आलो. लोखंडी! साहेब म्हने, वा, मलेबी तसंच वाटत होतं. उद्या नुसता कागद द्याचा."

आत्याबाईंनी आणि मी एकमेकींकडे बघितलं. मग मी सगळं सांगितलं. हे ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"म्हंजे साहेबाले आता काय सांगू? कोंबडीनं सांगतलं म्हनून मत बदललं?"

"हो," मी म्हटलं.

"हसतीन मले! बारा जनाच्या टोपाचा सवाल आहे, अन् मी अंडे घेऊन उभा राहू? आधीच म्हनतात, देवमन बायकोकडून अहवाल ल्ह्यून घेते."

"बारा जणांचा सवाल आहे म्हणूनच."

हे चिडले. मोजे काढताना एक मोजा भिरकावला, तो कुडावर जाऊन पडला, तेव्हा विशाखा खदखदून हसली आणि यांनाही हसू आवरेना. पण मत काही बदललं नाही. "टोप फुटला म्हंजे कच्चा," म्हणाले. "फुटनारा टोप चांगला असं मी कोन्या तोंडानं लिहू?"

तेवढ्यात दारातून हाक आली. "भाभी, खुशबू आली म्हनून आलो. अंडे केले ना?"

ओमप्रकाश. रविवारी संध्याकाळी ते यायचेच. ती सवय ते विसरले नव्हते. पाटावर बसले, यांना म्हणाले, "कसा आहेस, धर्मपाल?" हे नेहमीसारखं "ठीक आहे, भाऊ" म्हणाले. कधी दुरुस्त करत नसत.

मी भाकरी वाढली, भुर्जी वाढली. ओमप्रकाशांची नजर पडवीत गेली. लोखंडी टोप परातीतच पडलेला होता.

"माहा टोप," ते म्हणाले. "याच्यात अंडे कोन फोडले?"

"आम्हीच," आत्याबाई म्हणाल्या. "पाडून पाह्यला, बाप्पा. टोपाले काई झालं नाई, अंडे सगळे फुटले."

ओमप्रकाशांनी घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "मावशी, मले त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. बंडी नाही, रस्ता नाही. फक्त आवाज आठवते. टण्ण. अजून कधी कधी आयकू येते." आणि हसून, अगदी साधेपणानं, "टोपाले काही झालं नाही ना, म्हनून सगळ्याइले वाटलं, मलेबी काही झालं नाही."

विशाखानं त्यांच्या ताटातला भाकरीचा तुकडा उचलला, त्यांनी तो तिच्या तोंडाशी धरला.

ते गेल्यावर हे उठले. चिरलेला कापडाचा टोप घेतला, चाकू घेतला आणि आतलं बूच हलक्या हातानं सोडवायला बसले. मी विचारलं नाही. सोडवलेलं बूच त्यांनी फायबरच्या टोपात बसवलं, स्पंज काढून. दोन ठिकाणी तासावं लागलं. मग म्हणाले, "अंडे आहेत काय अजून?"

"तीन हायेत," आत्याबाई म्हणाल्या. "उद्या काई खाऊ नका कोनी."

यांनी तो टोप फळीपेक्षाही उंच, हात वर करून धरला आणि सोडला. टक्क असंही धड वाजलं नाही. तिन्ही अंडी धड. पांढऱ्या कवचावर दुसरी एक चांदणी उमटली, तेवढंच.

"ल्ह्य," हे म्हणाले.

"पण साहेबांना तोंडी सांगून आलात..."

आत्याबाईंनी मध्येच उत्तर दिलं. "साहेबाले सांग, माह्या मायची चूक व्हय. तिनं मडक्याच्या कानानं आयकलं. माह्या नावानं ल्ह्य, इंदू. केशरबाई चुकली म्हनून ल्ह्य."

मी तसं लिहिलं नाही. विशाखाला एका मांडीवर घेऊन, दुसऱ्या मांडीवर पाटी ठेवून लिहिलं की: लोखंडी कवच स्वतः सुरक्षित राहते, परंतु आघात आत पोचवते. लाख व कापडाचे कवच आघात पोटात घेते, परंतु एकदा फुटल्यावर ते पुन्हा वापरू नये. फायबरग्लासचे कवच हलके असून आघात पसरवते. त्यास आतून बुचाचे अस्तर लावल्यास उत्तम. सबब बाहेरून फायबरग्लास व आतून बूच, अशा शिरस्त्राणांची मागणी नोंदवावी. शेवटी यांनी सांगितलं म्हणून एक ओळ वाढवली: सदर परीक्षण कोंबडीच्या अंड्यांवर केले असून, साहेबांची इच्छा असल्यास समक्ष करून दाखवण्यात येईल.

साहेबांची इच्छा झाली. दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या कचेरीत, साहेबांच्या टेबलावर उभं राहून यांनी सहा अंडी पाडली. तीन लोखंडी टोपात, तीन बुचाच्या. अंडी माझ्या माहेरून नेली होती. माझं माहेर अकोल्याचंच, कचेरीच्या मागच्या अंगाला. साहेबांच्या विजारीवर बलक उडाला असं नंतर कळलं. हे म्हणाले, "साहेब पहिले चमकले, मंग विजार पुसली, मंग ओमप्रकाश कसा आहे म्हनून विचारलं."

वैशाखात बारा टोप आले. पांढरे, आतून बुचाचे, मुंबईहून खास अस्तर लावून घेतलेले. वाटप व्हायचं होतं कचेरीत, पण एका रविवारी सकाळी सहा फटफट्या आमच्या गल्लीत उभ्या राहिल्या. अमरावतीकडचे सहाही जण टोप हातात घेऊन पडवीत हजर. धर्मपालभाऊ पुढं झाले. "मावशी, वाजवून पाहा. तुमी म्हनान तं घालतो."

आत्याबाईंना आधी लाज वाटली. "मले काय समजते त्याच्यातलं? मी चुकलो होतो."

"म्हनून तं आलो," धर्मपालभाऊ म्हणाले. "एकदा चुकलेलं मानूस नीट आयकते."

मग त्या बसल्या. हात धुतले, पदर खोचला. एकेक टोप डाव्या हातावर, मधल्या बोटाचं पेर, मान तिरकी. आता उजवं बोट बाहेर आणि डावा तळवा आत.

"बद्द. घाला."

"बद्द. घाला."

"बद्द."

पाचवा टोप यांचा. आत्याबाईंनी तो जरा जास्त वेळ वाजवला. मी विशाखाला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी होते. "बद्द," त्या म्हणाल्या आणि मी विशाखाच्या केसांत तोंड लपवलं.

सहावा ओमप्रकाशांचा. डॉक्टरांनी त्या आठवड्यात त्यांना पुन्हा फटफटी चालवायची परवानगी दिली होती. फक्त गावात, फक्त दिवसा. नवा शर्ट घालून आले होते. आत्याबाईंनी बोट मारलं आणि कपाळाला आठी घातली. पुन्हा मारलं. टोप उलटा केला, सुलटा केला.

"हा वाजते."

"नाही वाजत, मावशी. साऱ्याइसारखाच आहे."

"तुले नाई आयकू येत. आतमधी काईतरी सुटेल हाय."

यांनी टोप घेतला, बुचाच्या कडेला नख घातलं. बूच मागच्या बाजूनं चार बोटं चिकटलंच नव्हतं. तिथं पोकळ. मग यांनी सरसाचं भांडं मागितलं. मी चुलीवर गरम करून आणलं, यांनी बूच दाबून बसवलं, वर दोन विटा ठेवल्या. चहा झाला. काबरीची पाच पिल्लं पायांतून पळत होती. सहावं अंडं, तडा गेलेलं, उबलं नव्हतं. पिल्लं दमली की त्या चिरलेल्या कापडाच्या टोपातच शिरत. तो आत्याबाईंनी खाटेखाली ठेवून दिला होता.

दोन तासांनी विटा काढल्या. ओमप्रकाश लहान मुलासारखे आत्याबाईंसमोर उकिडवे बसले. आत्याबाईंनी आधी टोप ऐकला. मग तो त्यांच्या डोक्यावर ठेवला, हनुवटीखाली पट्टा आवळला आणि वरून पुन्हा एकदा बोट मारलं.

"आयकू आलं?"

"काय?"

"टण्ण?"

ओमप्रकाशांनी क्षणभर डोळे मिटले. "नाही आलं, मावशी."

"मंग जाय. सांभाळून जाजो."

ते उठले, फटफटीला लाथ मारली आणि यांच्याकडे वळून म्हणाले, "चल रे, धर्मपाल." बाजूला उभे असलेले धर्मपालभाऊ "हो" म्हणाले आणि हेही "हो" म्हणाले. सहाही फटफट्या एकदम गल्लीबाहेर पडल्या. विशाखानं दोन्ही हात हलवून "फफफ" केलं. मी आत जाऊन परातीत पीठ घेतलं. त्या दिवशी कणीक मऊ झाली.